गोदामातलं संगीत नाटक

प्रिय नॅरेल,

तुझा नर्सच्या गणवेशातला फोटो पोचला. अ‍ॅडलेडची हवा तुला मानवलेली दिसते, गाल वर आलेत. फोटो फ्रिजवर लावलाय, त्यामुळे दूध काढायला जाणारा प्रत्येक जण तुला बघूनच पुढे जातो. इकडे गळीत हंगाम संपला. सँटोच्या उसाच्या शेवटच्या फडाला तोडणीआधी मंगळवारी आग लावली आणि नेमक्या त्याच दिवशी मी पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. वीस वर्षं या गावात काढून मला अजून वाऱ्याची दिशा कळत नाही, असं तुझा बाबा म्हणाला. काजळीने काळ्या झालेल्या चादरी मात्र त्यानेच पुन्हा धुतल्या.

आता बातमी सांगते, नीट बसून वाच. तुझा बाबा संगीत नाटकात काम करतो. दिवे लावायचं नाही, रंगमंचावर उभं राहून गायचं काम. दोन वर्षं होत आली. फोनवर मी तुला ‘बाबा हॉलवर दिव्यांच्या कामाला गेलाय’ असं सांगत आले, ते सुरुवातीला खरंच होतं. पुढचं त्यानेच सांगू दिलं नाही. म्हणाला, ‘तिला वाटेल, आपल्याला घरी बोलावण्यासाठी हे सगळं चाललंय.’

सुरुवात झाली ती सँटोपासून. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांचं सिडनीत ते मोठं संचलन झालं, त्याला सँटो आणि बाबा दोघेही गेले होते ते तुला आठवत असेल. तू तेव्हा घरीच होतीस. परत आल्यावर सँटो महिनाभर त्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हता आणि तुझा बाबा त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. तू अ‍ॅडलेडला गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांत बेकरीत सँटोची आणि डेस्ली क्विल्टरची गाठ पडली. तुझ्या शाळेतल्या संगीताच्या बाई गं, तुला बासरी शिकवायच्या त्या. दरवर्षी त्या हॉलमध्ये राजकन्या आणि सरदारांचं काहीतरी गाणंबजावणं बसवायच्या. त्या वर्षी त्या सँटोला म्हणाल्या, ‘मला आता या राजकन्यांचा कंटाळा आलाय. आपल्या गावातून सात जण तिकडे गेले. ते परत आले तेव्हा गावाने काय केलं? मी स्वतः काय केलं, मला आठवतही नाही. त्यावर काही करू या का?’ सँटोला बोलायला निमित्तच हवं होतं. त्या सातांतले चार जण जमले. तुझ्या बाबाला विचारलं असतं तर तो आलाच नसता, म्हणून सँटोने थाप मारली, ‘हॉलच्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात, एरल, जरा येऊन बघ.’

बाबा गेला. वायरींना काही झालेलं नव्हतं हे त्याला शिडीवर चढल्या चढल्या कळलं असणार, पण तो खाली उतरला नाही. खाली ही मंडळी एकेक गोष्ट सांगायची, डेस्ली पियानोवर त्याला चाल लावून बघायच्या, आणि हा वर बसून धडधाकट वायरी तपासायचा. असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी सँटो गाताना अडकला. परतलेल्या सैनिकाला विमान उतरल्यावर न्यायला कुणीच येत नाही, तो साध्या कपड्यांत बस पकडतो आणि शेजारची बाई विचारते, ‘कुठे सुट्टीला गेला होतास का रे, छान रापलायस,’ असं ते गाणं आहे. सँटोला पुढची ओळ सुचेना आणि वरून ती ओळ आली, सुरात. सगळे मान वर करून बघायला लागले. डेस्लींनी पियानो थांबवला नाही. शहाणी बाई. बाबाने शिडीवरूनच ते गाणं पुरं केलं आणि मग पक्कड मागितली.

त्याला गाता येतं हे मला ठाऊक होतं. लग्नाआधी, सक्तीच्या सैन्यभरतीसाठी वाढदिवसांच्या तारखांची सोडत काढायचे तीत त्याचा नंबर निघायच्या आधी, तो चर्चमध्ये गायचा. मी त्याच्या त्या आवाजावरच भाळले होते. तू तो कधी ऐकलाच नाहीस.

नाटकाचं नाव ठेवलं ‘घरचा पत्ता’. नाव ठेवलं आणि हॉल गेला. हॉल माजी सैनिकांच्या क्लबाचा. तिथले जुने लोक आधीच्या, दुसऱ्या महायुद्धातले. त्यांच्यातला वॉली ग्रिब्ल सँटोला तोंडावर म्हणाला, ‘आम्ही जिंकून आलो तरी कधी गाणी गात फिरलो नाही. तुमचं ते युद्ध तरी होतं का?’ मला वाटलं, आता संपलं. व्हिएतनामहून परत आला तेव्हा असलेच शब्द ऐकून बाबा घरी जो बसला तो कायमचा. पण या वेळी तो वॉलीला म्हणाला, ‘वॉली, तू बंदरावर उतरलास तेव्हा बँड वाजत होता. आम्हाला बँड मिळाला नाही, म्हणून आमचा आम्ही वाजवतोय.’ एवढं बोलून त्याने आपली शिडी उचलली आणि कारखान्याच्या मॅनेजरकडे गेला. कारखान्याचं साखरेचं जुनं गोदाम रिकामंच पडलेलं असतं. ते मिळालं.

गोदाम म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि भिंतींना मळीचा वास. जमीन खरवडून धुतली तरी चपला चिकटायच्या. सँटो नाचताना त्याचा एक बूट जागच्या जागी राहिला आणि तो मोज्यावर पुढे गेला, ते डेस्लींनी नाटकात तसंच ठेवलं. पहिल्या प्रयोगाला निम्मं गाव आलं, घरच्या खुर्च्या घेऊन. दुसरं गाणं चालू असताना पाऊस आला. आपल्याकडचा पाऊस आणि वर पत्रा. पियानो ऐकू येईना, शेजारचा माणूस ऐकू येईना. डेस्लींनी हात वर केले. युद्धावरून आल्यापासून मोठा आवाज त्याला सोसत नाही, तेव्हा बाबा आता दार उघडून चालता होणार अशी माझी खात्रीच होती. तो रंगमंचावर तसाच उभा होता, मुठी वळलेल्या. मग सँटो त्याच्या शेजारी जाऊन बसला, पाय खाली सोडून. मग बाकीचे तिघे. मग बाबाही बसला. लोकांनी थर्मास काढले, चहा वाटला, कुणीतरी रंगमंचावरही कप पोचवले. पाऊस थांबेपर्यंत एकही माणूस उठला नाही. नॅरेल, मी तुला खरं सांगते, त्या पाच जणांकडे गावाने इतका वेळ सलग कधी पाहिलंच नव्हतं. पाऊस ओसरल्यावर बाबाने अर्धवट राहिलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. वॉली ग्रिब्ल मागे दारात छत्री धरून उभा होता. आत आला नाही, पण गेलाही नाही. पुढच्या वर्षी क्लबाने हॉल देऊ केला तर आमच्याच लोकांनी नको म्हटलं, त्यांना गोदामाची सवय झालीय.

पहिल्या वर्षी चार प्रयोग झाले. दुसऱ्या वर्षी आसपासच्या गावांतून बोलावणी आली, तेव्हा उसाच्या ट्रकमध्ये पियानो घालून फिरलो. कपडे मी शिवते. बाबाला झोप अजून फारशी लागत नाही, पण आता जागा असला की पाठांतर करतो, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या समोरच्या माणसाची वाक्यं म्हणते. मध्येच हसू येतं. या घरात असं हसायचं राहूनच गेलं होतं.

नाटकात एक जागा अशी आहे की तिथे नुसता पियानो वाजतो. दुसऱ्या अंकात. बाबा रंगमंचावर एका लाकडी गाडीच्या सांगाड्यात बसलेला असतो, समोर घराची एक खिडकी, तिच्यात दिवा. तो काही बोलत नाही, गात नाही. चाल संपते, तो उतरतो आणि पुढचा प्रवेश सुरू होतो. त्या चालीला शब्द आहेत. तालमीत त्याने एकदाच ते गायले. डेस्ली म्हणतात की त्यानंतर त्यांना पियानोवरून उठवेना. दुसऱ्याच दिवशी त्याने सांगितलं, चाल ठेवा, शब्द काढा. कारण विचारलं तर शिडी घेऊन दिव्यांकडे गेला.

या ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनहून हॅडो नावाचे एक निर्माते आले. उंच, तागाचा सूट, बुटांना मळी चिकटलेली. प्रयोग बघून ते थेट बाबाकडे गेले आणि म्हणाले, ‘त्या गाडीतल्या चालीला शब्द आहेत. मला ऐकू येत नव्हते, पण आहेत हे कळत होतं.’ त्यांना नाटक ब्रिस्बेनच्या मोठ्या थिएटरात न्यायचंय. हेच लोक, हेच कपडे, फक्त ते गाणं शब्दांसकट हवं. बाबा नाही म्हणाला. हॅडो म्हणाले, ‘मग माझ्याकडे सैनिकांवरचं आणखी एक नाटक उरतं, आणि तशी पुष्कळ आहेत.’ सँटोचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत म्हणाला, ‘तुझ्या एका गाण्यापायी आम्ही जन्मभर गोदामात मळी तुडवायची होय रे?’ हंगाम संपेपर्यंत दोघांचं बोलणं बंद होतं. शेवटी बाबाच त्याच्या घरी गेला आणि त्याने कारण सांगितलं. सँटो त्याच संध्याकाळी बायकोने केलेलं लझान्या घेऊन इथे आला. मला म्हणाला, ‘कोरली, तुझा नवरा गाढव आहे, पण त्याचं बरोबर आहे.’ तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं.

तू जाताना मला जे म्हणालीस ते मी विसरलेली नाही. ‘त्याला आपल्यात येऊन बसण्यापेक्षा अंगणात गाडीत बसून राहणं आवडतं.’ मलाही तेव्हा तसंच वाटायचं. रोज कामावरून आला की इंजिन बंद करून तो गाडीतच बसायचा, जेवण निवून जायचं. आता ऐक. तू पाचेक वर्षांची असशील. एकदा तो अंगणात आला तेव्हा स्वयंपाकघराचा पडदा सरकलेला होता. तू जमिनीवर भातुकली मांडून भांडी वाजवत, मोठ्याने गात होतीस. गाडीचा आवाज आला तशी तू थांबलीस. एकेक भांडं आवाज न करता उचललंस, कपाट दोन्ही हातांनी हळूच लावलंस आणि बाहुलीच्या तोंडावर हात ठेवून तिला सांगितलंस, बाबा आलाय, आता बोलायचं नाही. त्याने हे बाहेरून पाहिलं. तुला आम्ही कुणी असं शिकवलं नव्हतं, तू आपली आपणच शिकली होतीस. त्या दिवसापासून तो कोपऱ्यावरूनच इंजिन बंद करून गाडी उताराने आत आणायचा आणि बसून राहायचा. तू आणखी थोडा वेळ गावंस म्हणून. तो आत आला की तुझं गाणं बंद होणार हे त्याला माहीत होतं. काच खाली करून तो तुझं गाणं ऐकायचा, आणि आत आपल्याला वाटायचं की त्याला आपण नकोत.

ते गाणं या सगळ्याचं आहे. भातुकली, बाहुली, खिडकी, सगळं त्यात आहे. तो सँटोला म्हणाला, ‘बाकीची गाणी माझी आहेत, ती मी कुठेही गाईन. हे माझ्या मुलीचं आहे. तिचं भय मी तिला न विचारता तिकीट लावून कसं दाखवू?’ आणि विचारायचं धाडस त्याला होईना, म्हणून हे पत्र मी लिहितेय, त्याला सांगून. तो माझ्यासमोर बसलाय आणि उगीचच कात्रीला धार लावतोय. तू नाही म्हणालीस तर नाही. मंडळींनी बसून ठरवलंय, मग चाल आहे तशी बिनशब्दांची राहील आणि आम्ही पियानो ट्रकात घालून किनाऱ्याने वर केर्न्सपर्यंत जाऊ. सँटोने रस्ताही आखलाय. कुणी तुला दोष देणार नाही. तू माफ करावंस असंही तो म्हणत नाहीये. म्हणतो, ‘माफी मागितली की तिला उत्तर द्यावं लागेल. गाणं तिला नुसतं ऐकता येईल.’ दुसऱ्या कुणी ऐकायच्या आधी ते तू ऐकावंस, एवढीच त्याची इच्छा आहे. या रविवारी सकाळी तुझी ड्यूटी नसेल आणि मनात आलं, तर फोन कर. एरवी घंटा वाजली की तो मला हाक मारतो आणि बाहेर निघून जातो. या रविवारी मी सकाळपासून सँटोच्या बायकोकडे असेन. घरात फोन उचलायला तो एकटाच असेल.

दोघांच्या वतीने, खूप मायेने,
तुझीच,
आई