लांबची दुर्बीण

अहो,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीत बसायचं नाही, असं मी ठरवलं होतं. जिवंतपणी चार वेळा विचारल्याशिवाय उत्तर न देणारा माणूस आता काय वाचणार? पण काल तुमचे कॉलेजातले दिलीपभाऊ पेढे घेऊन आले आणि मला संशय आला. माझे संशय ऐकून घेणारे घरात तुम्हीच तर होतात.

सोबत तुमची विद्यार्थिनी, धडगावची सुनीता. भाऊंनी चपलाही धड काढल्या नाहीत. "वहिनी, तोंड गोड करा. सरना तारा मोजाई गया." आणि लगेच पुढचं: मोजणीच्या लेखावर पहिलं नाव तुमचं घालायचं, त्याला माझा होकार हवा.

मी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. इतके हिवाळे तुम्ही दोघं कॉलेजच्या दुर्बिणी घेऊन तोरणमाळचा घाट चढलात आणि दर वेळी रिकाम्या हातानं उतरलात. आता तुम्ही नसताना एकदम तो व्याधाचा तारा मोजला जातो? मागे राहिलेल्या बाईला बरं वाटावं म्हणून तर हे चाललं नव्हतं? उद्या ते खोटं निघालं, तर तुमच्या नावावरचा डाग पुसायला कोण येणार?

तुमचा तो जनरेटर मी विसरलेले नाही. एकदा असाच आलेखावर उंचवटा आला म्हणून तुम्ही घरी जिलेबी आणलीत. नंतर कळलं, दोन्ही दुर्बिणींची यंत्रं एकाच जनरेटरवर होती आणि जुळली होती ती त्याचीच धडधड. तुम्ही ताटाला हात लावला नाहीत. जिलेबी मी एकटीनं संपवली.

तुमचं शास्त्र मला कळलं ते एवढंच. ताऱ्याचा उजेड एकसारखा येत नाही, त्याचे कण घोळक्यानं येतात. दोन दुर्बिणी दूर ठेवायच्या, मधे आरसा नाही, काही नाही. दोघींनी आपापले कण मोजायचे आणि मग त्या मोजण्या ताडून बघायच्या. जवळ असताना घोळके जुळतात, आलेखावर उंचवटा येतो; लांब नेलं की जुळणं कमी होत जातं, रेघ सपाट होते. ते कुठं संपतं, यावरून ताऱ्याची रुंदी निघते. सुरुवातीला मोठमोठ्यांनीही यावर विश्वास ठेवला नव्हता, असं तुम्हीच सांगायचात. मग मी का ठेवावा?

मला मात्र ही रीत नवी नव्हती. माझे वडील नंदुरबारला मिरचीचे व्यापारी. दोन भाऊ माल घेऊन आले की ते एकाला चहाला बसवत, दुसऱ्याला काट्यापाशी ठेवत आणि दोघांना एकच प्रश्न विचारत. अगदी तेच शब्द आले, तर पढवून आणलंय. शब्द वेगळे पण अडखळणं एकाच जागी, तर त्याच जागी ओल, म्हणजे वजन वाढवायला भिजवलेला माल.

तसंच केलं. भाऊंना ओट्यावर बसवलं, सुनीताला चहाच्या निमित्तानं आत नेलं.

"जनरेटर व्हता का?" मी भाऊंना विचारलं.

"नही वहिनी. दोन्हीसले येगयेगळ्या बॅटऱ्या." मग वाऱ्याला किती शिव्या दिल्या, ते सांगत बसले. सुनीतानंही बॅटऱ्याच सांगितल्या, पण तिला वारा आठवत नव्हता, बधिर झालेले पाय आठवत होते. इथवर ठीक होतं.

मग विचारलं, सर असताना का नाही दिसलं? बाहेर भाऊ चष्मा पुसायला लागले. आत सुनीतानं उकळणाऱ्या चहाकडे मान वळवली.

सापडली ओल! मी दोघांना समोर बसवलं.

"सर दुर्बिणी जवळ येऊच देत नव्हते," भाऊ म्हणाले. जनरेटरनं तोंड पोळल्यावर तुम्ही दुर्बिणी माळाच्या दोन टोकांना नेल्यात. तिथं काहीही जुळत नाही अशी खात्री पटली की मग जवळ आणू, म्हणायचात. ती खात्री तुमची कधी पटलीच नाही. तुमच्यामागे या दोघांनी त्या जवळ आणल्या आणि उंचवटा आला. मला हे कळू नये म्हणून दोघं ते लपवत होते.

खूप राग आला तुमचा. इतका कसला संशय? मला मेलीला संशयी म्हणायचात! मलाही एकदा वर नेलं नाहीत, थंडी सोसणार नाही म्हणून. ती खात्री तरी कुठे केली होतीत?

"मग सरांचे सगळे हिवाळे पाण्यात गेले?" मी सुनीताला विचारलं.

"नाही हो काकू. लेखात सरांची सपाट रेघच आधी आहे. लांब ठेवल्यावर काही जुळत नाही, हे त्यांनी दाखवलं नसतं, तर आमचा उंचवटा पुन्हा जनरेटरच ठरला असता. रुंदी काढायला दोन्ही लागतात."

मी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा शब्द वेगळे आले, कुठं अडखळली नाही. तेव्हा मी पेढा खाल्ला आणि मग रडले. भाऊ बिचारे गार झालेला चहा पीत बसले.

होकार दिलाय, पण एका अटीवर. या हिवाळ्यात व्याधावर पुन्हा मोजणी करायची आणि मी वर येणार. बॅटऱ्या मी बघेन, तारांना हात लावून. सुनीता जवळच्या दुर्बिणीपाशी बसेल. माळाच्या टोकाला, तुमच्या जागी, मी बसेन आणि काहीही जुळत नाही याची खात्री करून मगच खाली उतरेन.

तुमच्याइतकीच संशयी,
शोभा