धाकटीचा हसरा फोटो

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिलाई, माझ्या कामाच्या खोलीत बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत; पण कायद्याला फक्त डोकं लागतं, असं वकीलबाई म्हणाल्या.

१. ही खोली मुलाला. खुशाल विकावी, मात्र मोठा आरसा आधी उतरवावा. त्याच्यासमोर बायका फार रडल्या आहेत.

२. शिलाई मशीन सुनेला. तिला साधं बटण लावता येत नाही, पण विचारल्याशिवाय ती कशाला हात लावत नाही. मुलाने यातून काय ते समजून घ्यावं.

३. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी एका बाजूला मऊ उशी बसवलेली अंतर्वस्त्रं मी जन्मभर शिवली. ज्यांना ती परवडत नाहीत, त्यांच्यासाठी बँकेतली ठेव इस्पितळातल्या नर्सबाईंनी वापरावी. गिऱ्हाइकं त्याच माझ्याकडे पाठवत आल्या.

४. आता फोन. ऑपरेशननंतर बाईचा एक खांदा झुकतो, म्हणून मी गळ्याखालचा फोटो काढून दोन्ही बाजू ताडून बघत असे. चेहरा कधीच घेत नसे. फक्त माझी धाकटी बहीण नवं अंतर्वस्त्र घालून आरशासमोर हसली, तेव्हा मला राहवलं नाही. ऑपरेशनचं तिने नवऱ्याला आणि मलाच सांगितलं होतं. तिची मुलगी तेव्हा गरोदर, पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून.

नवा फोन आला तेव्हा काही हरवू नये म्हणून मुलाने सगळे फोटो क्लाउडवर चढवले. फोन आता चेहरे ओळखून आपणहून घरच्यांचे अल्बम करतो, असं कौतुकाने सांगत त्याने विचारलं, "हो म्हणू ना, आई?" माझं मशीन चालू होतं. "म्हण बाबा," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी सगळे त्याच्याकडे जेवत होतो. त्याच क्लाउडला जोडलेल्या भिंतीवरच्या टीव्हीने 'हसरे क्षण' असं नाव देऊन, वर गाणं लावून, धाकटीला होती तशी दाखवली.

"मावशीला माहीत होतं, आणि मला नाही?" भाचीने आईला विचारलं. धाकटी भरल्या ताटावरून उठली. त्यानंतर तिने माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही.

सबब, फोन कोणीही घेऊ नये. मुलाने तो आणि क्लाउडवरचं सगळं पुसावं. पुसल्यावरही त्या यंत्राने काय शिकून ठेवलं असेल, ते त्यालाही सांगता येत नाही. पोराच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या बायकांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, फोनवर नाही. ही खंत माझ्याबरोबरच जाईल. हल्ली मी भिंतीवर खडूने खांद्यांची रेघ ओढते आणि बाई गेली की पुसते.

५. आईची अंगठी धाकटीला द्यायची होती. तिचा निरोप आला, "मला काही देऊ नकोस. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना? मग मी साक्षीला येते." म्हणून अंगठी भाचीला.

ताजा कलम: धाकटी आली. मी कशी आहे, हे तिने विचारलं नाही. दारातूनच म्हणाली, "फोन कुठे आहे?" तो मी जिन्यात नेऊन ठेवला, तेव्हा ती आत आली.

स्थळ: शिलाईची खोली, दुसरा मजला
दिनांक: आजचा, सोमवार

सही: लिहून देणार, थोरली

साक्षीदार:
१. सही: शेजारचे घड्याळजी
२. सही: धाकटी