बायकांच्या दाराची चावी

अंजूर,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय मनोज,

घरात फोन असताना आक्काने पत्र का लिहिलं म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस, पत्र मध्येच तोडता येत नाही. परवा तुझ्या लेकीचा, पूर्वीचा फोन आला होता. मंगळवारपासून आपल्या कमळ टॉकीजमध्ये पुन्हा फक्त बायकांचा खेळ सुरू होतोय, आपली आई पहिल्या रांगेत बसणार आहे, पोरीने सगळं एका दमात सांगितलं. आणि मग म्हणाली, “आत्या, बायकांच्या दाराची चावी आता माझ्याकडे. बाहेरून कुलूप मीच लावणार.” मी ‘छान हो’ म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला भीती वाटतेय, मनोज. रात्री उठून दाराची कडी काढून बघते, हे विचारतात काय झालं, मी शुगरवर ढकलते. तू ते कुलूप लावू नकोस, एवढंच सांगायचं होतं. पण का, ते सांगितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस.

तुला वाटतं, भाऊंची जुनी पद्धत परत आणली की बायका परत येतील. ती पद्धत माझ्याइतकी कोणाला माहीत आहे? भाऊंनी खाडीकडची जमीन विकून बासष्ट साली टॉकीज बांधली तेव्हा वर पत्रे आणि खाली लाकडी बाकं होती. बायकोचं, म्हणजे आईचं नाव दिलं म्हणून आजी महिनाभर रुसून बसली होती. खेळाला पुरुष यायचे, बायका येईनात. मग भाऊंनी हॉलची डावी बाजू फळ्या ठोकून वेगळी केली, मागच्या बोळात दार पाडलं, आणि दुसरी घंटा झाली की त्या दाराला बाहेरून कुलूप. चावी परक्याच्या हाती द्यायची नाही, घरच्या मुलीकडेच. भोईरांची पोर दाराशी बसते म्हटल्यावर सासवा सुनांना निर्धास्त पाठवू लागल्या. दहाव्या वर्षापासून मी त्या पायरीवर बसले, चावी परकराच्या नाडीला बांधून. फार मिरवायचे मी. सगळे संवाद पाठ असायचे, चित्र मात्र एकही पुरतं पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या घरामागच्या गोडाऊनला आग लागली. जेवणाची सुट्टी होती, आत कोणी नव्हतं, माल चोरीला जाऊ नये म्हणून शटरला बाहेरून कुलूप. पत्रे तापून धडधड वाजत होते. सगळ्यांना पत्रे ऐकू येत होते, मला दारावर आपटणारे तळहात. एक्कावन्न वर्षांची बाई मी, कानांत बोटं घालून मोरीत जाऊन बसले. आणि तू टॉकीजच्या बाल्कनीखालची खोली सुताच्या गुंडाळ्या ठेवायला भाड्याने दिली आहेस, ते मी दिवाळीत डोळ्यांनी पाहून आलेय. सूत कसं पेटतं ते भिवंडीच्या माणसाला मी काय सांगू.

अडुसष्ट सालची गोष्ट तू घरात ऐकली आहेस. मॅटिनीला कँटीनच्या कढईतलं तेल पेटलं, फळ्यांनी आग धरली, बायकांच्या बाजूला धूर भरला. काळूराम डोअरकीपरने पहारीने कोयंडा उखडला, चाळीस बायका बाहेर आल्या, कोणी दगावलं नाही. वर्षाचा तू आईच्या मांडीवर होतास. तिने तुला लुगड्यात गुंडाळलं तरी काळानिळा पडलास, तीन दिवस दवाखान्यात होतास. आणि आक्का बिचारी काळूरामला बोलवायला धावली, तेव्हा वाटेत चावी विहिरीत पडली. हीच ना गोष्ट?

चावी विहिरीत पडली नव्हती. मी पायरीवरच होते. आधी जळका वास आला, मग दाराखालून धूर, मग तळहात. आईचा आवाज मी ओळखला. “पोरी, दार उघर गो.” मी चावी कुलपाला लावली, पण हात इतका थरथरत होता की ती आत जाईना. दोनदा लावली. तिसऱ्यांदा मी पळाले. कोणाला हाक मारली नाही, काही नाही. विहिरीमागे जाऊन बसले, चावी मुठीत धरून. काळूराम आपणहून आला म्हणून तुम्ही वाचलात. संध्याकाळी भाऊंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “भाऊ, चावी इहिरीत परली.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नवं कुलूप आणलं आणि नवी चावी माझ्याच हातात दिली. पुढे लग्न होईपर्यंत सात वर्षं मी ते कुलूप नुसतं अडकवत होते, चावी फिरवत नव्हते. कोणाला कळलं नाही. ज्या पद्धतीचा तुला इतका अभिमान आहे ती शेवटी अशी चालली होती. थंडीत तुझ्या छातीत शिट्टी वाजते, तिला सगळे लूमची धूळ म्हणतात. दर भाऊबीजेला ओवाळताना ती मला ऐकू येते, आणि मी घाईने ताट खाली ठेवते.

मी वाईट नव्हते रे, तेरा वर्षांची होते. घाबरलेलं पोर पळतं. पूर्वीही तेराचीच आहे, आत तिची आजी असेल, आणि काळूरामला जाऊन बारा वर्षं झाली. दाराला आतून कडी बसव, बायकांना हवी तर त्या लावतील. बाहेरचा कोयंडा मंगळवारच्या आत काढून टाक. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून दौलत रिक्षावाल्याच्या हाती पाकीट देतेय. उघडताना त्यातून काहीतरी खाली पडलं असेल, ते उचल. गंजली आहे, पण तीच आहे. अडतीस वर्षं माझ्या ट्रंकेच्या तळाशी होती. पूर्वीला दाखव आणि तिच्या आत्याने काय केलं ते सांग, म्हणजे नवी चावी ती स्वतःच तुझ्या हातात ठेवील. पुढच्या भाऊबीजेला आलास तर ओवाळीन. नाही आलास तरी चालेल, पण कोयंडा काढ.

तुझीच,
आक्का