आभाळ दिसलं तर पेटवायचं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी चुलीपाशी पाट टाकून तुम्हाला लिहायला बसले आहे. पायाशी ओलं गोणपाट आहे. सूनबाई दोनदा डोकावून गेली, तिला वाटतंय सासू हिशेब लिहितेय. वाटू दे. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे, पण ती एकदम विचारता येत नाही, म्हणून मागून सुरुवात करते.

मी सोमाटण्याहून लग्न होऊन वलवणला आले तेव्हा मला धुराडं ठाऊकच नव्हतं. आमच्या घरी चुलीचा धूर कौलांतून वाट काढून जायचा आणि जाईपर्यंत सगळ्यांना रडवायचा. तुमच्या घरात चुलीच्या वर विटांचं सरळ धुराडं, माळ्यातून आरपार छपरापर्यंत गेलेलं. मला तर बंगल्यात आल्यासारखं वाटलं. चुलीशेजारच्या कोनाड्यात तुमचा कुंकवाचा आरसा असायचा. मी एका सकाळी तो पदराने पुसला आणि त्यात बघून कुंकू लावत होते, तेवढ्यात तुम्ही आलात. "ठिव त्यो आरसा. त्यो तोंड बगायचा न्हाई." मी चरकले. मामंजींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला वाटलं, आपलं कुंकू त्या आरशात पडलं म्हणून तुम्हाला लागलं असेल. मी दिवसभर तोंड पाडून वावरले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच हाक मारलीत, थंड चुलीपुढे बसवलंत आणि आरसा आत तिरका धरलात. "काय दिसतं?" मी म्हटलं, काळं. "मदी बग." मध्ये पुरीएवढं गोल, स्वच्छ आभाळ होतं. तुम्ही म्हणालात, "ह्ये समदं दिसलं तर पेटवायचं. कड खाल्ल्याली दिसली तर न्हाई पेटवायचं, मग घरात कुनीबी उपाशी ऱ्हाऊ दे." मी मान डोलावली. मनात म्हटलं, सासू जरा विचित्रच आहे.

अमावस्येला बैलांना सुट्टी, नांगर घरी, म्हणून तोच दिवस तुम्ही धुराड्यासाठी धरलेला. चूल थंड, आदल्या रात्रीची भाकरी आणि दही खायचं. आमचे हे छपरावर चढून करवंदीची काटेरी फांदी दोरीला बांधून आत सोडायचे आणि मी खालून ओढायची. पहिल्यांदा ओढली तेव्हा सगळी काजळी माझ्या डोक्यावर आली. मी रडवेली झाले आणि तुम्ही खांबाला धरून हसलात. "आता दिसतीस आमच्या घरची!" तुम्हाला एवढं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

आणि तो दिवस लक्षात आहे. भाताची काढणी चाललेली, सगळे शेतात, एक अमावस्या चुकली. नंतर करू, नंतर करू म्हणता दुसरीही जवळ आली. भर दुपारी मी भाकऱ्या थापत होते आणि धुराड्यातून घरघर सुरू झाली, घाटात मालगाडी चढताना येतो तसा आवाज. आतल्या काजळीनेच पेट घेतला होता. माळ्यावर नवा पेंढा, छपरापर्यंत रचलेला. मी पाण्याचा हंडा उचलला तर तुम्ही माझा हात धरलात. "पानी नगं! भिताड फुटंल, मग जाळ माळ्यावर जाईल." गोणपाट भिजवून तुम्ही चुलीचं तोंड गच्च बंद केलंत आणि जेवायला घरी आलेल्या ह्यांना ओरडून माळ्यावर पिटाळलंत, पेंढा अंगणात फेकायला. वारा मिळेना तसा जाळ हळूहळू बसला. तुम्ही कुणालाच बोल लावला नाहीत. दिवेलागणीपर्यंत भिंतीला तळहात लावून बसून राहिलात. आम्ही आपसात म्हणालो, म्हातारी भिंतीची ऊब बघतेय.

पुढे गॅस आला आणि चुलीवर फक्त आंघोळीचं पाणी तापायला लागलं. तुमचे डोळे गेल्यावर आरसा तुम्ही माझ्या हातात दिलात, दागिना द्यावा तसा. तुम्ही गेलात. मला वाटलं, ही कटकट आता संपत आली.

तर आत्याबाई, तुमच्या नातवाने नोकरी सोडली आणि धरणाच्या रस्त्याला पाटी लावली, 'चुलीवरचं जेवण'. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं येतात आणि धुरात डोळे चोळत फोटो काढतात. आपण ज्या धुराला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याचीच हौस त्यांना! धंदा चांगला चालतो, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही महिन्याची काजळी बघितली होतीत, इथे चूल सकाळपासून धडाडते, मटणाचे हंडे, वर तेल, आणि लाकडं मिळतील ती, कधी ओलीसुद्धा. त्यात पावसाचं पाणी चुलीत येतं म्हणून त्याने धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवली, तिला बारीक जाळी. त्या दिवसापासून आरशात आभाळ दिसायचं बंद झालं. नुसता अंधार. मी म्हटलं तर हसला. "आई, वर टोपी हाय, आभाळ कुटनं दिसंल? मोबाईलची बॅटरी लावून बग की." बॅटरी लावून बघितलं. आत काळं, आणि डांबरासारखं चकाकत होतं. तुमच्या वेळी काजळी भुसभुशीत असायची, चकाकत कधी नव्हती.

त्याच धुराड्याला लागून असलेल्या खोलीत आपलं बाळ झोपतं. तुमचा पणतू, अजून मान धरत नाही. सूनबाई म्हणते ती भिंत उबदार असते, बाळाला बरं. मी दिवसातून किती वेळा त्या भिंतीला हात लावते ते मलाच माहीत. लेकाला सांगितलं की तो म्हणणार, दिवाळी होऊ दे, पुढचा आठवडा होऊ दे. पोरगा वाईट नाही, त्याला बसायला उसंत नाही. ह्यांचे गुडघे गेलेले, छपरावर चढणार कोण? मी नुसती धसक्याने अर्धी झाले.

मागच्या शनिवारी चूल पेटवली आणि धूर उलटा फिरला. वर जायचा तो घरात पसरला. आतून बाळाचा खोकला ऐकू आला, एवढासा. सूनबाई त्याला घेऊन अंगणात पळाली. मी गोणपाट भिजवलं आणि चुलीचं तोंड दाबून बंद केलं. लेक धावत आला. "आई, काय करतीस? मान्सं लोनावळ्यातनं निगालीत!"

"येऊ देत. गॅसवरच्या भाकरी खातील."

"आन पाटीवर काय लिवलंय?"

"पाटी काढ. न्हाईतर मी काढते."

असा आवाज मी त्याच्यावर त्याच्या लहानपणीही चढवला नव्हता. चूल निवेपर्यंत तो अंगणात येरझारा घालत राहिला. मग पाय आपटत छपरावर गेला. खाली आला तेव्हा हातात ती टोपी होती, जाळीवर काजळीचा थर बसून तिचा तवा झालेला, टाचणी जायला जागा नव्हती. ती त्याने माझ्यापुढे ठेवली आणि कोयता घेऊन करवंदीच्या जाळीकडे गेला. दोन्ही दिवस पाटी उलटी होती. चकाकणारी काजळी एका ओढीत सुटत नाही, त्याला पुन्हा पुन्हा वर चढावं लागलं. आता दर अमावस्येला धुराडं साफ करायचं ठरलंय, ओली लाकडं बंद आणि टोपी फक्त पावसाळ्यात, तीही मोठ्या भोकांच्या जाळीची, काढून धुता येईल अशी.

आज पुन्हा शनिवार. सकाळी मी आरसा धरला. आभाळ दिसलं, पूर्ण गोल, कड कुठेही खाल्लेली नाही. लेक मागे उभा होता. "आई, पेटवू?" म्हटलं, पेटव. माणसं जेवून गेली, पिठलं तेवढं कमी पडलं, बाकी सगळं सुरळीत पार पडलं. हा कागद चुलीत टाकावा असं मनात आलं होतं, पण जळता कागद वर उडतो म्हणून तुम्हीच रागवायचात. आरशामागे कोनाड्यात ठेवीन.

विचारायचं ते हे की धुराडं पेटलं त्या दिवशी भिंतीला हात लावून बसला होतात, ते ऊब बघायला, की हात कापत होता म्हणून? कारण आज 'पेटव' म्हणण्याआधी मी बाळाचा पाळणा पुढच्या खोलीत हलवला. सूनबाईला सांगितलं, तिकडे उजेड बरा आहे. आभाळ मी डोळ्यांनी बघितलं होतं, आत्याबाई, तरी हलवला.