भाड्याच्या भिंतीतला खिळा

अप्पा, तुम्ही पुढच्या खोलीत ठोकलेल्या खिळ्यावरून आज सकाळी भांडण झालं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, खिळा मात्र जागचा हललेला नाही. चांगला पाच इंची, भिंतीच्या बरोबर मधोमध, तुमच्या उंचीच्या माणसाचा हात पोचेल तिथं. मला अजून टाचा उंच कराव्या लागतात आणि तुमच्या सुनेला स्टूल लागतं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. तुम्ही असतानाही लिहिता आलं नसतं, कारण तुम्ही ते आपल्या निर्णा गावच्या शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतलं असतं आणि दुपारपर्यंत गावभर झालं असतं. आता ती भीती नाही, म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहितो.

सुरुवात माझ्या खोट्यापासून आहे. आज्यानं जन्मभर मेंढरांमागं रानोरान वस्त्या टाकल्या, तुम्ही जमीन धरलीत, मातीचं का होईना घर बांधलंत, आणि मी इतका शिकून पुन्हा दुसऱ्याच्या जागेत वस्तीला गेलो, हे तुम्हाला सहन होत नव्हतं. माझी लॅबमधली नोकरीही तुम्हाला फारशी पसंत नव्हती. "लोकांचं मूत बघायला एवढं शिकलास व्हय रं?" असं तुम्ही चारचौघांत विचारायचात. पण घराचं जास्त लागलं होतं. एके दिवशी फोनवर म्हणालात, "मेंढरं इकून टाकतो. घर घे." कळपातली शेवटची अकरा मेंढरं उरली होती. त्यांना पाणी दाखवल्याशिवाय तुम्ही चहाला तोंड लावत नव्हता, आणि त्यांच्या मागं चालता म्हणूनच तुमचे पाय चालतात असं हुमनाबादचा डॉक्टर म्हणाला होता. मेंढरं गेल्यावर तुम्ही रिकाम्या हातांनी ओट्यावर बसून आहात, हे चित्र माझ्या डोळ्यासमोर आलं आणि मी बोलून गेलो, "अप्पा, कामून इकायलाव? घर झालं की माझं. इकत घेतलंय." तुम्ही म्हणालात, "असं? बरं केलास." मला वाटलं, मिटलं.

खरं तर तेव्हा आम्हाला गुलबर्ग्यात सुपर मार्केटच्या मागच्या गल्लीत, खालाच्या घरात, दोन वर्षं झाली होती. खाला म्हणजे मालकीणबाई. नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला, स्वतः वर राहायची आणि खालच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायची. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणते. जागा स्वस्त का, तर गल्ली इतकी बारीक की आत आलेली रिक्षा उलटीच बाहेर काढावी लागते. पण माझी लॅब पायी आठ मिनिटांवर, भाजी दाराशी, मुलीची शाळा मागच्या रस्त्याला. गुलबर्ग्याच्या मधोमध आमच्यासारख्यांना याहून बरं काय मिळणार होतं? फक्त खालाचे कायदे कडक होते. पाण्याची मोटर तीच चालू करणार आणि तीच बंद करणार. पाहुणा दोन रात्रींच्या वर नको. आणि सगळ्यांत मोठा कायदा, भिंतीला खिळा नाही. आमच्या आधीच्या भाडेकरूला एका कॅलेंडरपायी जागा सोडावी लागली होती. त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असायचं आणि लग्नाचा फोटो फ्रिजवर टेकवलेला. फ्रिजचं दार जोरात लावलं की आम्ही दोघं तोंडावर पडायचो.

तुम्ही घर बघायला याल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मेंढरं चुलत्यावर सोपवून तुम्ही न कळवता आलात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पिशवीत हुरडा आणि मैलारच्या देवाचा भंडारा. घरात न शिरता आधी बाहेरून फिरलात. जमिनीवर टाच आपटून पाहिलीत. वारं कुठून येतं ते पाहिलंत. नाली पाहिलीत. मग समोरच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मी विचारलं, कुत्र्याचं काय? "कुत्रं जाड हाय," तुम्ही म्हणालात, "म्हंजी गल्लीतली मान्सं वाईट न्हाईत." वस्ती टाकायची जागा पाहावी तसं तुम्ही माझं घर पाहिलंत आणि पास केलंत. मी खालाला काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, अप्पा दोन दिवसांत जातील, हिला कळायचं कारण काय?

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी लॅबमध्ये असताना सुनेचा फोन आला. आवाज दबका. "लवकर या. अप्पा भित्तीत खिळा ठोकायलेत." मागून ठणठण ऐकू येत होतं. मी हातातली नळी तशीच ठेवून पळालो. ते आठ मिनिटांचं अंतर मी तीन मिनिटांत कापलं असेल. आलो तर तुम्ही दगडानं खिळा ठोकून भंडाऱ्याची पिशवी अडकवत होता आणि वरून खाला उतरत होती. तिनं दारातून विचारलं, "कौन है रे, दीवार में खिला मारने वाला?" तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "सोताचं घर हाय आन एक खिळा न्हाई, हे कसलं घर?" मग तिच्याकडे बघून म्हणालात, "वर भाड्यानं ऱ्हायलीस ती तूच व्हय?"

अप्पा, तुमच्या मागं तुमची सून हात जोडून उभी होती आणि दारात मी. खालानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यासमोर सामानाचा टेंपो आला, तोही उलटा बाहेर पडणारा. मग तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "हौ अप्पा. किराये से हूं ऊपर." तुम्ही मान हलवलीत. दगड खाली ठेवलात आणि घराच्या मालकाच्या बापानं जे बजावायला पाहिजे ते बजावलंत, "वर भित्तीला खिळं ठोकू नगंस बाई. भित इचकती." खालानं खाली मान घालून सांगितलं, "नई ठोकती."

संध्याकाळी मी जिन्यात तिला गाठून सगळं सांगितलं, मेंढरांसकट. ती विचारते, "कित्ते हैं?" म्हटलं अकरा. "नामां हैं उनके?" म्हटलं, सगळ्यांना. "फिर ठीक है," म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर बसून तोंडाला ओढणी लावून इतकी हसली की तिला खोकला आला. मी सुटलो असं मला वाटलं. पण खरी पंचाईत पुढंच होती, कारण खालाला भाडेकरू व्हायला आवडलं. रोज सकाळी तुम्ही ओट्यावर बसलात की ती खाली येऊन तक्रार सांगायची. "अप्पा, ऊपर का नल टपकता, तुम्हारा बेटा सुनताइच नई." "अप्पा, मोटर इनोइच बंद करते, मैं बाल्टी लेके किदर फिरूं?" मोटर कोण बंद करायचं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो नळ, ती तुंबलेली मोरी, जिन्याचा हलणारा कठडा, या सगळ्यांसाठी दोन वर्षं मी तिच्या मागं लागलो होतो. आता तीच यादी ती तुमच्यासमोर वाचत होती आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता. "भाडेकरूला पानी न्हाई आन तू मालक म्हणायलास? लाज वाटत न्हाई?" मी रजा काढली. मोरी उपसली. कठड्याला तार बांधली. नळाचा वायसर बदलला, तोही खालाच्या देखरेखीखाली. ती वर उभी राहून म्हणाली, "अच्छा मालिक है. जरा सुस्त है, पन अच्छा है."

सहाव्या दिवशी तुम्ही निघालात. निघताना तिला खाली बोलावलंत. तिला वाटलं अजून एक खेळ असेल, ती हसतच आली. तुम्ही पिशवी खिळ्यावरून काढलीत, चिमूटभर भंडारा उचललात आणि म्हणालात, "बाई, तू एकली हायस. लेकरू लांब हाय तुझं. माझ्या लेकाला सांगून चाललोय म्या. तू जित्ती हायस तवर ह्या घरातून तुला कुणी हलवणार न्हाई. ह्यो माझा सबूद." आणि भंडारा तिच्या पुढं धरलात. खालाचं हसू तिथंच थांबलं. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, तो पिवळा चिमूटभर भंडारा घेतला आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग ती जिना चढून वर गेली. मला मात्र लाज वाटली, माझ्यासाठी आणि थोडी तिच्यासाठीही.

त्यानंतर तुम्ही आला नाहीत, मेंढरं सारखी सोडून येणार कसे? पण तुमचा शब्द गावात फिरला. निर्ण्यातून दवाखान्याला येणारा प्रत्येक जण "अप्पांच्या लेकाचं घर" विचारत या गल्लीत आला आणि दोनाच्या जागी चार रात्री राहिला. प्रत्येकानं वर जाऊन खालाला विचारलं, "काय भाडेकरीणबाई, बरं हाय नव्हं? मालक त्रास देत न्हाई की?" आणि ती दर वेळी कपाळावर हात मारून सांगायची, नल टपकता.

आता ती थकली आहे. गुडघे गेलेत, बसत बसत जिना उतरते. मागच्या महिन्यात हैदराबादहून तिचा मुलगा आला. घर पाडायचं, खाली दुकानांचे गाळे काढायचे, असं ठरवून आलेला. आम्हाला दोन महिन्यांत जागा सोडायला सांगितलं. आम्ही रिंग रोडला दोन-चार घरं पाहून आलो. एका मालकानं विचारलं, पाहुणे किती येतात? तुमच्या सुनेनं खरं सांगितलं, "सगळं निर्णा येतंय," आणि आम्ही चहा न घेता परत आलो. येताना ती रिक्षात रडली. मुलीची शाळा, लॅब, बारा-चौदा वर्षांची गल्ली. मलाही रडायला येत होतं, पण भाड्याच्या घरासाठी बाप्या माणसानं रडायचं म्हणजे कसंतरीच वाटलं.

आज सकाळी मुलगा मोजमापाला माणूस घेऊन आला. टेप धरायला खिळ्यावर तुम्ही ठेवून गेलेली भंडाऱ्याची पिशवी आडवी येत होती म्हणून त्यानं खिळा उपटायला घेतला. तो काही निघेना. आवाज ऐकून खाला एकेक पायरी बसत खाली आली. "हात नक्को लगा उसकू." तो म्हणाला, "अम्मी, एक खिला तो है." "अप्पा का है." "कौन अप्पा?" "मालिक के बाप." तो ओरडला, "अम्मी, मालिक तुम हो!" टेप धरलेला माणूस आळीपाळीनं सगळ्यांकडे बघायला लागला. खाला स्टुलावर बसली. ओढणीच्या टोकाची गाठ तिनं त्याला दाखवली. ओढणी वेगळी होती, अप्पा, गाठ तीच होती. दर नव्या ओढणीत बांधत आली असणार. "वो अपने देव का भंडारा उठाके जबान दिए," ती म्हणाली, "मैं जिंदी है तब तक मेरेकू यां से कोई हिलाता नई बोलके. मैं यांइच रहती. और मैं रही तो ये लोगां बी रहते. मालिक कू निकाल के किरायेदार रहता क्या कबी?" मुलगा चहा प्यायला निघून गेला. टेपवाल्यानं टेप गुंडाळला. खाला माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम क्या देखरे? नल फिर टपकरा." मी दुपारी रजा काढून वायसर बदलला.

म्हणजे तुमच्या मालकीचं नसलेलं घर तुम्ही जिला देऊन टाकलंत, तिनं आज त्याच शब्दावर आम्हाला ठेवून घेतलं. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आणखी एक आहे. मी मेंढरांसाठी खोटं बोललो असं खालाला सांगितलं, सुनेला सांगितलं, स्वतःलाही सांगत आलो. पण तुम्ही जायच्या आदल्या वर्षी पाय थकले म्हणून मेंढरं चुलत्याला देऊन टाकलीत, तेव्हा वाचवायला काही उरलं नव्हतं. खरं सांगायचं ठरवूनच मी निर्ण्याला आलो होतो. तुम्ही ओट्यावर कुणाला तरी सांगत होता, "लेकाचं घर हाय गुलबर्ग्यात. भाडेकरू सुदिक हाय. म्या सोता खिळा ठोकून आलोय." आणि मी शेजारी बसल्यावर, बोलता बोलता, तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. याआधी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. मी जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. मला तुमच्यासमोर मालक असणं आवडायला लागलं होतं, अप्पा.