शस्त्रांचा रकाना

३ नोव्हें. १९५८, सोम.
बसऱ्याच्या खजुराचं गलबत खाडीच्या तोंडाशी लागलं. दुपारी धर्मा कोळी, माल उतरवणारा, आमच्या कस्टम चौकीच्या दारात. "भाऊसाब, खजुराखाली पेट्या व्हत्या. एक फुटली. आत बंदुका हान." धावत गेलो. पेट्या ट्रकमधून गेलेल्या. वाळूत फुटकी फळी, तेलकट फडकं. वास बंदुकीच्या तेलाचा. पलटणीत दोन वर्षं काढलीत, ओळखतो.

४ नोव्हें.
साहेबांना सांगितलं. "लेले, खजूर उतरला. खजूर लिहा." आयात मालाचा महिन्याचा तक्ता इथून अलिबाग, मुंबई, मग दिल्ली. बाहेरून देशात किती शस्त्रं आली, ते तिथे बेरीज करून छापतात म्हणे. आमचा शस्त्रांचा रकाना आजवर कोराच गेला.

२९ नोव्हें., शनि.
तक्ता पाठवला. शस्त्रांच्या रकान्यात: 'रायफली. संख्या अज्ञात. न तपासता पुढे गेल्या.' साहेब रजेवर, सही माझी. रजेचा फायदा घेतला, हे इथे कबूल. सौ.ला बोललो नाही.

१२ डिसें., शुक्र.
साहेब हजर. तक्त्याची नक्कल वाचली. ओरडले नाहीत. "आता वरून प्रश्न येईल. उत्तर तुम्ही द्या." चहा एकट्यापुरताच मागवला.

१९ डिसें.
अलिबाग कचेरीचं पत्र. सोमवारी हजर व्हा, शस्त्रं ज्यानं पाहिली त्याचं नाव सांगा. नाहीतर नोंद खोटी धरून रद्द, शिवाय माझी चौकशी. सौ.ला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "नोकरी जाईल?"

२० डिसें., शनि.
कोळीवाड्यात गेलो. धर्मा जाळं सांधत होता. पेट्यावाले परत येऊन गेले म्हणाला, कोणी काय पाहिलं ते विचारत. त्याची बायको पार्वती आतूनच, "खरा लिवलाव तुमी, बरा केलाव. पन नाव आमचा द्याचा?" धर्मानं जाळ्याची गाठ आवळली, "मी खोटा न्हाय सांगला. पन माजा नाव नका घेव, भाऊसाब." बरं म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. निघालो तर मासळी सुकवायच्या खळ्यापर्यंत पोचवायला आला.

२१ डिसें., रवि.
निवेदन लिहिलं. माझं नाव, हुद्दा, काय दिसलं, कशाचा वास आला. 'पाहणाऱ्याचे नाव' इथे थांबलो. नाव दिलं तर त्याच्या दारात कोण येईल, सांगता येत नाही. न दिलं तर कागदावर त्या रायफली आल्याच नाहीत.
सौ. म्हणाली, "ठरलं का?" म्हटलं, उद्या पहाटेची एस.टी. माणगावला गाडी बदलायची आहे, तिथे तासभर मिळेल, तेव्हा ठरवेन.