कवटीवरचे फुगे

ती. मल्लिनाथदादा,
शरणार्थ. इथे हॉलंडमध्ये लेकीकडे मी मजेत आहे. गुडघ्याची काळजी करू नकोस.

काल तिने जुनी छापचित्रं दाखवायला नेलं. एकात लहान मूल कवटीला रेलून साबणाचे फुगे उडवतंय. आयुष्य फुग्याएवढंच, असा त्याचा अर्थ. लेकीला ते भेसूर वाटलं. मला मात्र तुझं अंगण आठवलं.

भूकंपात हे गेले, घर गेलं आणि तू आम्हा मायलेकींना लातूरला आणलंस. तुझ्याही भिंती तडकल्या होत्या, म्हणून सगळे अंगणात पत्र्याखाली राहिलो. उमावहिनी पोरांना पपईच्या देठाने फुगे करून देत होती. "सगळा साबण संपवायली की ही," म्हणत तू ओरडलास, आणि मग स्वतःच देठ घेऊन फुंकत बसलास. भूकंपानंतर मी तेव्हा पहिल्यांदा हसले.

वहिनी फोनवर म्हणाली, क्लाससाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांना राहायला तू तिसरा मजला चढवतोयस. दादा, ते तडे आपण नुसते लिंपले होते. आधी इंजिनिअरला दाखव. आम्ही तुझ्या भरवशावर निर्धास्त झोपलो. मुदखेड-मुरुडची ती पोरंही तशीच झोपावीत.

तुझीच,
शिवकन्या